शब्दचर्चा : गाडीला नडला की गाडी नडली?

खानापूर : काका, एक विचारायलोय. फॉर्म्युला वनवर मराठीत लिहायलोय. कमी पैशाच्या संघात, हळू गाडीत वर्षानुवर्षं झटणारा, पण कधीच न जिंकलेला ड्रायव्हर, म्हणजे अंडरडॉग. मी ‘अपयशी दुर्बळ चालक’ लिहिलं आणि वाचून मलाच वाईट वाटलं. ‘लिंबूटिंबू’ चालेल का?

बेळगाव : नको बाळा. लिंबूटिंबू म्हणजे ज्याचं आउट धरत नाहीत ते पोर, त्याला सगळे सांभाळून घेतात. इथं कोण सांभाळतंय? २०११ ला ऑस्ट्रेलियात एचआरटी या छोट्या संघाची गाडी पात्रता फेरीत सगळ्यात वेगवान गाडीच्या वेळेच्या १०७ टक्क्यांत बसली नाही, आणि आपल्या नारायण कार्तिकेयनला शर्यतीत उतरताच आलं नाही. ‘दुर्बळ’ तर गाडी होती, माणसाला कशाला चिकटवतोस?

माझं मत ‘नडणे’ या क्रियापदाला. ‘तो मोठ्यांना नडतो’ म्हणजे आपल्यापेक्षा जबर गड्याला आडवा जातो. अंडरडॉगचं अर्धं काम इथंच झालं. आता उरलेलं अर्धं : ‘त्याला घाई नडली’, ‘त्याला गरिबी नडली’. तसंच ‘त्याला गाडी नडली’. क्रियापद तेच, फक्त ‘ला’ कुणाला लागतो ते बघायचं. ज्याला लागला तो अडला. आणि काय नडलं ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, म्हणून मला हा शब्द ‘अपयशी’पेक्षा न्यायाचा वाटतो. ‘अपयशी’ कारण विचारतच नाही.

लुका बादोएर हा ड्रायव्हर घे. १९९९, जर्मनीतलं न्यूरबर्गरिंग, गाडी मिनार्डी या गरीब संघाची. १३ फेऱ्या उरल्या असताना हा चौथा होता आणि गिअरबॉक्स गेला. गाडीशेजारी बसून तो माणूस रडला. सगळ्या कारकिर्दीत त्याला एकही गुण मिळाला नाही. तिथं डोळे झाकून लिही : मोठ्यांना नडला, पण गाडी नडली. मग २००९ ला त्याला फेरारी मिळाली, दोन शर्यतींसाठी. दोन्ही वेळा सुरुवातीला शेवटचा. बेल्जियमला त्याच्याच संघातला रायकोनेन तशाच फेरारीत जिंकला आणि हा शेवटून पहिला आला. आता ‘गाडी नडली’ म्हणता येत नाही. दहा वर्षं शर्यत सुटली होती, तो खंड नडला. माणूस एकच, पण वाक्य बदललं.

निपाणी : पण हे ठरवायचं कसं? हरलेला प्रत्येक जण गाडीवरच ढकलणार.

बेळगाव : दादा, कुस्तीत जोड बघून लावतात. मोटारशर्यतीत बरोबरीची जोड एकाशीच लागते, आपल्याच संघातल्या दुसऱ्या ड्रायव्हरशी, कारण गाडी तीच. उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, मी लेथवर आयुष्य काढलं. जॉब रिजेक्ट झाला की आम्ही तोच जॉब त्याच लेथवर दुसऱ्याला लावायला द्यायचो. त्याचाही माप सोडून गेला तर मशीन नडलं. त्याचा बरोबर उतरला तर मान खाली घालून मायक्रोमीटर परत हातात घ्यायचा.

निपाणी : आणि हल्केनबर्ग हा ड्रायव्हर? २०१० पासून पोडियम नाही, म्हणजे पहिल्या तिघांत एकदाही नाही, म्हणून हिणवलं त्याला. मध्ये २०१५ ला ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकला, तेही कुणी धरलं नाही. २०२५ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला एकोणिसाव्या जागेवरून निघून तिसरा आला, २३९व्या शर्यतीत. तो अपयशी होता, का नव्हता?

बेळगाव : म्हणूनच ‘अपयशी’ हे विशेषण नको म्हणतोय. ते माणसाला कायमचं डकवलं जातं. ‘नडली’ हे त्या दिवसापुरतं असतं, पुढच्या रविवारी वाक्य पुसता येतं.

एक खबरदारी मात्र घे. नुसतं ‘नडलेला चालक’ लिहू नकोस, वाचणाऱ्याला पैशासाठी अडलेला वाटेल. आणि कानडी मित्राला वाचून दाखवणार असशील तर समजावून सांग. त्यांच्यात ‘नडी’ म्हणजे ‘चल’. माझ्या शेजारच्या लेथवरचा गडी ‘मशीन नडलं’ ऐकून पहिल्या आठवड्यात म्हणाला होता, चाललंय ना, मग तक्रार काय?

खानापूर : मग असं लिहितो काका : ‘मोठ्यांना नडणारा, पण गाडी नडल्यानं मागं राहिलेला.’ लांब होतंय का?

बेळगाव : होऊ दे. पहिल्यांदा पुरं लिही, पुढं नुसतं ‘नडणारा’ चालेल.