प्रतिसाद: कलेवर सरकारी रिसर्च कशाला?

वर कुणीतरी लिहिलंय की सरकारनं कला आणि तब्येत असल्या विषयांवर रिसर्च करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात, मला नाही पटत ते. २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारच्या संस्कृती खात्यानं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजकडून नेमका हाच अभ्यास करून घेतला, आणि त्याच्या आदल्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेचा रिपोर्ट आला होता त्यात तर ३००० च्या वर अभ्यास धुंडाळलेत, गाणं, नाच, वाचन, हस्तकला सगळं. आता मुळात पैसा नि तब्येत बरी असलेलेच लोक कार्यक्रमांना जातात, मग फरक कलेनं पडला की पैशानं, हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच तर नीट मोजणारं कुणीतरी पाहिजे ना.

आमचे वडील यंत्रमागावर होते, कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षं घरात नुसते भिंतीकडं बघत बसायचे, जेवणसुद्धा धड नाही. मग शेजारच्या काकांनी ओढून भजनाला नेलं. पहिले दोन आठवडे मागं बसून राहिले, नंतर टाळ हातात घेतला, आणि एके दिवशी घरी येऊन आईला म्हणले, "भाकरी टाक गं, भूक लागलीय." आई पीठ मळता मळता रडायली होती.

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीत उचलून न्यायच्या उंच काठीचा, सराव करणारी पोरं बघा, रोज संध्याकाळी एकत्र जमतात, त्यांचं काय बदलतं हे आपल्या सरकारनं सोलापुरात येऊन विचारावं असं मला फार वाटतं.