पद्मिनी मारुतीने मारली की कुर्ल्यातच मेली?

विद्याविहार (धागाकर्ता)

ताडदेव आरटीओत २००३ साली नोंद झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. त्या निमित्ताने जे काही छापून आलं, त्यात एक वाक्य हमखास होतं: मारुती ८०० आली आणि पद्मिनी संपली. मला हे साफ अमान्य आहे. मारुती डिसेंबर १९८३ ला आली आणि पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनतच होती. सतरा वर्षं लागणाऱ्या मरणाचं खापर एकाच गाडीवर कसं फोडता येईल?

थोडी पार्श्वभूमी. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ सालची. सुरुवातीला क्रायस्लर गटाच्या गाड्यांची जुळणी, मग फियाट. जिला आपण 'डुक्कर फियाट' म्हणतो ती १९५० च्या दशकातली ११००, पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि १९६४ ला डिलाइट, म्हणजे इटलीतली ११००डी. पद्मिनी हीच डिलाइट. नाव बदलून आधी प्रेसिडेंट झालं आणि १९७४ ला पद्मिनी. पुढची जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला, खालची गाडी तीच राहिली.

माझा मुद्दा असा. खुद्द फियाटने १९६६ मध्ये ११००आर काढली, त्यात पुढे डिस्क ब्रेक आणि जमिनीवरचा गिअर दिला. म्हणजे मूळ मालकाने आपल्याच गाडीची दुरुस्ती करून दाखवली होती. कुर्ल्यात मात्र चारही चाकांना ड्रम आणि स्टेअरिंगखालचा गिअर पुढे कित्येक वर्षं चालू राहिले. हा नाकर्तेपणा मारुतीच्या आधीचा आहे.

हिशेबनीस

असहमत. धागाकर्त्याने यंत्राचा इतिहास दिला, पैशाचा दिला नाही.

१९६९ मध्ये सरकारने हुकूम काढून अम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड या तिन्ही गाड्यांच्या किमती ठरवून दिल्या. कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या. 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. किंमतनियंत्रण पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या ना त्या रूपात राहिलं. गाडी कितीला विकायची हे दिल्ली ठरवणार, किती बनवायच्या हे परवान्यावर लिहिलेलं, आणि बाहेरून साचे आणायचे तर परकीय चलनासाठी अर्ज. अशा वेळी डिस्क ब्रेकचा वाढीव खर्च कंपनीने कुणाकडून वसूल करायचा होता?

आणि मारुतीबद्दल. ती सरकारी कंपनी होती. १००० सीसीच्या आतल्या इंधन वाचवणाऱ्या गाड्यांना जकातीत आणि उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्या ८९ सीसीमुळे कुर्ला सवलतीच्या बाहेर राहिलं. या शर्यतीत एकाला रेषेच्या पुढे उभं केलं होतं, हे मान्य केल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही.

विद्याविहार

८९ सीसीचं गणित करून बघू. पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. बोअर ६५ वर आणला की चार सिलिंडरचे ९९५ सीसी होतात. क्रँक तोच, स्ट्रोक तोच. ब्लॉकचं ओतकाम, पिस्टन, रिंगा आणि हेड गॅसकेट एवढंच नवं. सवलतीची रेषा इतकी जवळ होती.

पाना-पकड

बोअर कमी करण्याचा उपाय कागदावर छान दिसतो, पण गाडीचं वजन विसरलात. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास, मारुती ८०० तिच्यापेक्षा अडीचशे किलोने तरी हलकी. दोन्हींची ताकद जवळपास सारखीच, चाळीसेक हॉर्सपॉवर. त्यातून आणखी आठ-नऊ टक्के काढून घेतली असती तर चार माणसं आणि सामान घेऊन खंडाळ्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्येच चढावा लागला असता. ॲव्हरेजही वाढलं नसतं, कारण कमी ताकदीचं इंजिन ड्रायव्हर जास्त रेटतो.

मात्र धागाकर्त्याचा मूळ मुद्दा बरोबर आहे आणि त्याला पुरावा बॉनेटखाली सापडतो. या गाडीची दुखणी ठरलेली होती. कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, हीच यादी देईल.

पहिलं, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडणं. पेट्रोलचा पंप यांत्रिक, इंजिनाच्या ब्लॉकलाच बसवलेला. ब्लॉक तापला की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते, पडदा हलतो पण पेट्रोल पुढे सरकत नाही. स्टार्टर मारत बसलं तर फक्त बॅटरी उतरते. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं, वाफ निवली की गाडी चालू. कायमचा इलाज म्हणजे पंपाखाली जाड इन्सुलेटर पॅकिंग आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांबून नेणं. काही रुपयांचं काम, पण ते गॅरेजमध्ये व्हायचं, कारखान्यात नाही.

दुसरं, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. रेडिएटर चोंदला किंवा फॅनबेल्ट ढिला असला की काटा वर जातो आणि हेड वाकतं. मग गॅसकेट जळतं, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, ऑइल दुधासारखं होतं. नुसतं गॅसकेट बदलून उपयोग नसतो. हेडवर पट्टी धरून फट बघायची, फेसिंग करून घ्यायचं, आणि नट मधून बाहेर अशा क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. एका दमात आवळलं की महिन्याभरात गाडी परत दारात.

तिसरं, हँडगिअर. स्टेअरिंगच्या नळीवरून गिअरबॉक्सपर्यंत दांड्यांची साखळी, प्रत्येक सांध्याला बुश. बुश झिजले की दोन गिअरच्या मध्ये दांडी अडकते, मग बॉनेट उघडून हाताने लिव्हर सोडवायची. शिवाय पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवून घेणारी रचना) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय पहिला टाकला की करकर आवाज येणारच. सिग्नलला हळूहळू सरकणाऱ्या मुंबईत हा रोजचा ताप.

यातलं काहीही सरकारी परवान्यामुळे अडलेलं नव्हतं. पंपाखालच्या पॅकिंगला परकीय चलन लागत नाही.

हिशेबनीस

पॅकिंगचं मान्य. पण ज्या गाडीसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर यायची वाट बघायचे, तिथे सुधारणेचा रेटा येणार कुठून? हा रेटा धोरणाने मारला. तिन्ही कंपन्यांचं तेच झालं, हा योगायोग मानायचा का? चेन्नईच्या स्टँडर्डने १९८५ ला स्टँडर्ड २००० काढली आणि काही वर्षांत दुकान बंद केलं. उत्तरपाड्याची अम्बॅसडर २०१४ पर्यंत टिकली, तीही सरकारी ऑर्डरी आणि कोलकात्याच्या टॅक्सीवर. तीन वेगळे मालक, तीन वेगळी शहरं, शेवट एकच.

काळी-पिवळी

टॅक्सीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पद्मिनीला मुंबईच्या टॅक्सीने जगवलं असं सगळे म्हणतात. माझ्या मते टॅक्सीनेच तिला सुस्त केलं.

टॅक्सीवाल्याला काय हवं होतं? कुठेही दुरुस्त होणारी गाडी. मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढे किंग पिन (चाक वळवणारी खीळ), दर महिन्याला ग्रीस निपलमध्ये ग्रीस. करंटचा, म्हणजे ठिणगीचा, पॉइंट खराब झाला तर कानसपट्टीने साफ करून ०.४ ते ०.५ मिमी गॅप लावून वीस मिनिटांत पुन्हा धंद्यावर. स्पेअर कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात ढिगाने. हँडगिअरमुळे पुढची सीट सलग, म्हणजे ड्रायव्हरशेजारी जागा मोकळी. कॅरिअरवर चार बॅगा. त्याला डिस्क ब्रेक नको होता, कारण तो महाग पडला असता आणि रस्त्यावर दुरुस्त झाला नसता. असं ठरलेलं गिऱ्हाईक दारात उभं असेल तर कोणती कंपनी नवीन साचे पाडेल?

आणि गाडीचा खरा शत्रू मुंबईची हवा होती. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. पावसाळ्यात रबर मॅटखाली पाणी साचून फ्लोअरचा पत्रा आणि दरवाज्याखालची पट्टी आतून सडते. वरून पेंट चकाचक, आणि जॅक लावला की पत्रा आत जातो. अशा गाडीला डेंटिंग करणं म्हणजे पैसे वाया. आधी मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचं, जॅकची जागा आणि मागचे पाटे बॉडीला जोडणारे हँगर तपासायचे, ते शाबूत असतील तरच पुढचा खर्च.

पाना-पकड

पत्र्याचं शंभर टक्के खरं. त्यात सीएनजीने भर घातली. डिकीत साठ लिटरची टाकी बसली की मागचे पाटे कायमचे दबतात, सपाट झालेल्या पाट्यांवर हँगरला धक्का बसतो, आणि हँगर त्याच सडक्या पत्र्याला जोडलेला.

इंजिनाचंही तेच. या हेडच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा, शिसेवाल्या पेट्रोलच्या जमान्यातल्या. शिसं सीटवर थर धरून राहायचं. २००० मध्ये देशभर शिसं बंद झालं, आणि सीएनजी तर कोरडाच जळतो. सीट खात जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होत होत शून्यावर येते, मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. टॅपेट वाजत नाहीत म्हणून ड्रायव्हर खूश असतो, ती शांतताच धोक्याची. सीएनजीवर गेलेल्या गाडीचे टॅपेट पेट्रोलपेक्षा निम्म्या अंतराने तपासायला हवेत, आणि हेड उतरलंच असेल तर कडक धातूच्या सीट ठोकून घ्यायच्या. ठिणगीची वेळही थोडी आगाऊ लावावी लागते, गॅस हळू जळतो म्हणून.

कल्याण-शीळ

तुम्ही सगळे १९६० च्या दशकात अडकलात. प्रीमियर बुडाली ती १९९० च्या दशकात, आणि हातात पत्ते चांगले असताना.

१९९१ नंतर परवाने सुटले, १९९३ ला मोटारी पूर्ण मोकळ्या झाल्या. हिशेबनीस यांचा खलनायक तिथे संपतो. कंपनीकडे नाव होतं, डीलर होते, कुर्ल्याची जागा होती, कल्याण-डोंबिवलीचा दुसरा कारखाना होता. त्यांनी काय केलं? प्यूजोबरोबर एक भागीदारी, डोंबिवलीत ३०९ ही गाडी. ती धड उभी राहायच्या आत फियाटबरोबर दुसरी, कुर्ल्यात उनो. दोन परदेशी कंपन्या, दोघीही लहान गाड्यांच्या बाजारातल्या प्रतिस्पर्धी, आणि मध्ये एकच भारतीय भागीदार. प्यूजोला हे रुचणार होतं का?

दोन्ही गाड्यांचं बुकिंग जोरात झालं, लोकांनी आगाऊ पैसे भरले, आणि गाड्या वेळेवर निघाल्या नाहीत. कुर्ल्यात कामगारांचा वाद पेटला. १९९७ पर्यंत प्यूजो बाहेर पडली आणि फियाटने आपल्या भागीदारीत वरचष्मा घेतला. त्यानंतर पद्मिनी परक्याच्या घरात राहणारी गाडी झाली. फियाटला कुर्ला हवं होतं ते उनोसाठी. तीस वर्षांपूर्वी स्वतःच मोडीत काढलेल्या ११०० साठी नव्हे.

हिशेबनीस

दोन भागीदारांचा निर्णय चुकला, हे मान्य. पण तो घायकुतीला येऊन घेतलेला निर्णय होता. चाळीस वर्षं संशोधनावर खर्च करू न दिलेल्या कंपनीकडे १९९३ मध्ये स्वतःचं असं काय होतं? टाटांनी १९९८ ला इंडिका काढली, पण त्यांच्यामागे ट्रकची कमाई होती. प्रीमियरकडे तसा दुसरा मोठा धंदा नव्हता.

विद्याविहार

होतं की, स्वतःच्याच कारखान्यात होतं. प्रीमियरचीच १९८५ ची ११८एनई ही गाडी आठवा. निस्सानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन, त्याचाच गिअरबॉक्स, जमिनीवरचा गिअर. फक्त बॉडी फियाट १२४ ची, जी इटलीत १९६६ ला आली होती. म्हणजे १९८५ पासून चांगलं इंजिन आणि चांगला गिअरबॉक्स कंपनीकडेच होते, आणि तिचीच पद्मिनी हँडगिअर घेऊन बाहेर पडत होती. जमिनीवरचा गिअर तिच्यात आला तो पार शेवटी, एस-१ या मॉडेलमध्ये, जेव्हा विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

परवाना मिळाला होता, चलन मिळालं होतं, यंत्र आलं होतं. निस्सानचा गिअरबॉक्स पद्मिनीत बसवायचा तर प्रोपेलर शाफ्टची (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याची) लांबी, मागचं माउंटिंग आणि क्लचची जोडणी बदलावी लागली असती. गॅरेजवाल्यांनी हे काम पुढे सर्रास केलं. कारखान्याने ते १९८६ मध्ये करायला हवं होतं. माझ्या लेखी पद्मिनीच्या मरणाचं वर्ष तेच.

पाना-पकड

गिअरबॉक्स बसवताना एक सांगून ठेवतो, अजूनही काही जण करतात म्हणून. शाफ्ट कापून वेल्ड केल्यावर बॅलन्सिंग केलंच पाहिजे. तसंच सोडलं तर ताशी साठच्या वर थरथर सुरू होते, आणि लोक ती इंजिनाची समजून माउंटिंग बदलत बसतात.