ब्लॅक फॉरेस्टमधली चीक येणारी अळंबी ओळखायची कशी?

रानवाट: शनिवारी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात शेवाळात केशरी अळंबी दिसली, टोपीवर गोल गोल वलयं, मधेमधे हिरवट डाग. टोपीखालच्या गिल्सना, म्हणजे पातळ पडद्यांना, नख लावलं तर गाजराच्या रसासारखा चीक आला, कच्च्या पपईला चिरा पाडल्यावर येतो तसा थेंब थेंब. पुढे एक विटकरी रंगाची होती, तिचा चीक पांढरा. मी लहानपणापासून वारुळावरची अळंबी खातोय पण तिला चीक कधी बघितला नाही. इथले लोक टोपल्या भरून नेतात. नेमकं काय बघायचं?

देवदार: वर झाड कुठलं होतं ते आधी सांगा, अर्धं उत्तर त्यातच आहे. पाइनखालची असेल आणि दांड्यावर केशरी खळगे असतील तर बहुतेक लॅक्टेरियस डेलिसिओसस (लॅक्टेरियस म्हणजे चीक येणाऱ्या अळंबीचं कूळ, पुढची नावं त्यातलीच). स्प्रूसखाली तिची बहीण डेटेरिमस येते, तिचा केशरी चीक अर्ध्या तासात वाईनसारखा लाल होतो, म्हणून कापली की लगेच पिशवीत टाकू नका, थांबून बघा. दांडा मोडा, खडूसारखा कटकन तुटतो, धागे निघत नाहीत. उन्हाने सुकलेल्या अळंबीला चीक येतच नाही हेही लक्षात ठेवा. तुमची विटकरी, पांढऱ्या चिकाची ती रूफस असू शकते, ती जिभेला आधी सौम्य लागते आणि मग मिरचीसारखी झोंबते. बर्चखाली गुलाबीसर, टोपीची कड लोकरीसारखी केसाळ असेल तर टॉर्मिनोसस, कच्ची खाल्ली तर पोट पार बिघडतं. फिनलंडमध्ये उकळून, पाणी फेकून खातात पण इथे कोणी नादी लागत नाही.

मेथीची_जुडी: एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगते. दलदलीच्या शेवाळात फिकट तपकिरी, कोरडी, चीक पाण्यासारखा अशी हेल्व्हस असते, वाळायला लागली की मेथीचा इतका खमंग वास येतो की मला माझ्या आईचा मसाल्याचा डबा आठवला, मी दोन तोडून घरी आणल्या होत्या. शेजारच्या आजींनी वास घेतला आणि हातातून काढूनच घेतल्या. विषारी आहे ती, उलट्या जुलाब होतात. वासावर अजिबात भुलू नका.

रानवाट: झाडं बहुतेक स्प्रूसची होती, फोटोत सुया आखूड दिसताहेत. चीक लाल झाला का ते बघायला थांबलोच नाही. रविवारी परत जातो.

देवदार: हो, आणि जमिनीतून अख्खी काढा, दांड्याचं बूडही हवं. मग पिल्झबेराटरकडे, म्हणजे अळंबी ओळखून देणाऱ्या सल्लागाराकडे, न्या, बऱ्याच गावांत फुकट तपासून देतात. त्यांनी हो म्हणेपर्यंत कढईत टाकू नका. केशरी खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, रंग उतरतो तिचा.