नवलेखकाला सत्कार पुरे झाले, आता संपादक आणि मानधन द्या

बोरू (धागाकर्ता):

मराठीत नव्या लेखकाला प्रोत्साहन मिळत नाही, ही तक्रार मला पटत नाही. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे. पस्तिशीच्या आतल्या लेखकाला ५०,००० रुपये आणि ताम्रपट मिळतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिलं पुस्तक छापायला मदत करते. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे वेगळे विभाग आहेत, कवितेचा बहिणाबाई चौधरींच्या नावाने, कादंबरीचा श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने. शिवाय गावोगावची संमेलनं, त्यांतले कविकट्टे, नाना प्रतिष्ठानांचे पुरस्कार आहेतच.

पण हे सगळं एक तर पुस्तक छापताना मिळतं, नाहीतर छापून झाल्यावर. कथा अर्धी जमली आहे आणि अर्धी फसली आहे, नेमकी कुठे फसली ते कळत नाही, अशा वेळी नव्या लेखकाजवळ कुणीच नसतं. खरी गरज तेव्हा असते.

संपादक श्री. पु. भागवत 'सत्यकथे'त नव्या माणसाच्या कथेवर बारकाईने काम करायचे. पत्रं लिहून, चर्चा करून पुन्हा लिहायला लावायचे. ते मासिक १९८२ साली बंद पडलं आणि ती जागा त्या ताकदीने पुन्हा कुणी भरली नाही. त्या कामाने काय होतं ते मी अनुभवलंय. माझ्या एका कथेवर एका निवृत्त प्राध्यापिकांनी पेन्सिलने केलेल्या खुणा मी जपून ठेवल्या आहेत. पहिल्या दीड पानावर उभी रेघ आणि शेजारी लिहिलेलं, 'हे तुम्हाला माहीत असू द्या, वाचकाला सांगू नका. गोष्ट एसटी सुटल्यावर सुरू होते.' पुढे आईच्या तोंडच्या एका लांबलचक वाक्याखाली, 'ही बाई असं बोलेल? आत्तापर्यंत तिने एकही वाक्य पुरं केलेलं नाही.' त्या दोन शेऱ्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही स्मृतिचिन्हाने शिकवलं नसतं.

आज नव्या लेखकाला काय मिळतं? हस्तलिखित न वाचता प्रकाशकाचं कोटेशन येतं. पानं किती, मुखपृष्ठ कसं, प्रती किती. पैसे भरले की पुस्तक तयार. आयएसबीएन असतो, कुणा ज्येष्ठांची प्रस्तावना असते, प्रकाशन समारंभही होतो. मग गठ्ठे लेखकाच्या घरी येऊन पडतात आणि तो नातेवाइकांना प्रती वाटत बसतो. मुद्रितशोधनसुद्धा धड झालेलं नसतं.

म्हणून दोन मागण्या. नवलेखक अनुदानातला ठरावीक हिस्सा संपादकाच्या मानधनासाठी राखून ठेवावा आणि संपादन झाल्याशिवाय पुस्तक छापायला जाऊ नये. दुसरी, ज्या दिवाळी अंकांना सरकारी बँका आणि महामंडळांच्या जाहिराती मिळतात त्यांनी नवोदितालाही मानधन दिलंच पाहिजे, मग ते पाचशे रुपये का असेना. 'अंकाची प्रत पाठवू' हे मानधन नव्हे.

माळरान:

मानधनाला माझा पाठिंबा. संपादकाला कडाडून विरोध.

बोरू, तुमचा हा सरकारमान्य संपादक बसणार कुठे? पुण्यात, मुंबईत, फार तर नाशकात. तुम्ही 'सत्यकथे'च्या दाराच्या आतलं सांगितलंत. त्या दाराबाहेर कोण उभं होतं तेही सांगा. साठच्या दशकाच्या शेवटी राजा ढालेंनी त्याच 'सत्यकथे'विरुद्ध जाहीर बंड केलं, अंक जाळला गेला. लेखकांनी स्वतः काढलेली छोटी अनियतकालिकं का निघाली? गंगाधर पानतावणे सरांना औरंगाबादेत 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक का काढावं लागलं? चोखंदळ संपादक तेव्हा नव्हते असं नाही. त्यांच्या चोखंदळपणात आमचं जगणं बसत नव्हतं. 'अस्मितादर्श'ने पोरांना आधी छापलं, मेळावे घेऊन एकत्र बसवलं, आणि लिहिता लिहिता ती घडली.

माझाही अनुभव आहे. माझं पहिलं हस्तलिखित एका मोठ्या प्रकाशनाकडे दिलं होतं. परत आलं तेव्हा आजी, चुलता, सालगडी, झाडून सगळे पुस्तकी मराठी बोलत होते. आजी उसाच्या फडात उभी राहून 'मला वाटते की' म्हणत होती. मी ते बाड उचललं आणि मंडळाच्या अनुदानावर पुस्तक जसं होतं तसं छापलं. त्या अनुदानाला तुम्ही संपादकाची अट घातली असती तर माझं पुस्तक आलंच नसतं. कृपा करून ते एक दार उघडं राहू द्या.

रोखठोक:

दोघांचंही पटत नाही. ज्याला लिहायचं आहे तो लिहितोच. त्याला ना अनुदान लागतं ना मार्गदर्शन. प्रोत्साहन दिल्यामुळे साधारण लिहिणारे वाढतात आणि वाचकाला चांगलं शोधणं अवघड होतं. नेमाड्यांनी 'कोसला' कुठल्या कार्यशाळेत लिहिली?

बोरू:

रोखठोक, लिहिली एकट्याने, पण छापली कुणी? देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनी, १९६३ साली, पंचविशीतल्या नवख्या माणसाची कादंबरी आणि तीही तेव्हाच्या कुठल्याच साच्यात न बसणारी. प्रकाशकाने स्वतःचे पैसे त्यात घातले होते, हे विसरून कसं चालेल? प्रोत्साहन म्हणतात ते यालाच. आजचा प्रकाशक लेखकाला म्हणतो, जोखीम तुम्ही घ्या, पुस्तकावर नाव आमचं टाकतो.

माळरान, तुमच्या आजीचं जे केलं ते संपादन नव्हेच, ती नासधूस आहे. पण त्यावर उपाय म्हणून संपादकच नको म्हणणं मला धोक्याचं वाटतं. ती बोली ज्याच्या कानात आहे असा संपादक मागा ना. बीडचं हस्तलिखित बीड-परभणीकडच्याच जाणत्या लेखकाकडे जावं, ही अट योजनेत घालता येते.

दिवाळी अंकवाला:

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून अंक काढतो, म्हणून आमची बाजू मांडतो. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून हा डोलारा जाहिरातींवरच उभा आहे. सरकारी बँकेची पानभर जाहिरात चार मोठ्या अंकांना मिळते. आमच्याकडे येतात पतसंस्था, सराफ, क्लासवाले. कागद महागला, टपाल महागलं, आणि जाहिरातीचे पैसे संक्रांतीपर्यंत वसूल होत नाहीत. मानधन द्यायचं कुठून?

आता थोडं लिहिणाऱ्यांबद्दल. कथांचा ढीग येतो आणि मी तो खरंच वाचतो. बहुतेकांनी आमचा एकही अंक पाहिलेला नसतो. एकच कथा एकाच मेलमध्ये आठ संपादकांना पाठवलेली असते, सगळ्यांचे पत्ते वर दिसतात. मी एका मुलाला फोन करून म्हटलं, शेवट बदलून बघ, दोन आठवडे देतो. तो म्हणाला, सर, ती दुसरीकडे घेतली, जशी आहे तशी. संपादन करून घ्यायची तयारी किती नवोदितांची आहे, हेही एकदा विचारा.

उशिराची पालवी:

दादा, तुम्ही वाचता हे फार चांगलं आहे. पण मी ज्यांना ज्यांना कथा पाठवल्या त्यांच्याकडून 'मिळाली' एवढंही उत्तर आलं नाही. नकाराचंही उत्तर नाही. मग एका वेळी आठ जणांना पाठवणाऱ्या मुलाला नावं कशी ठेवायची? एकाला पाठवून वाट बघत बसला तर दिवाळी निघून जाते.

शेवटी मी प्रतिलिपी या ऑनलाइन कथांच्या अ‍ॅपवर लिहायला लागले. घरचं आवरून दुपारी एक भाग टाकते. वाचक आहेत, भरपूर आहेत, आणि ते थांबून राहतात. नांदेडची एक वाचक प्रत्येक भागावर लिहिते. त्या भरवशावर मी लिहिती राहिले, त्यामुळे ऑनलाइन लिखाणाला कुणी हलकं म्हटलं तर मला राग येतो. पण बोरू म्हणतात ते मलाही जाणवतं. वाचक लिहितात 'खूप छान, पुढचा भाग लवकर टाका.' त्याने पुढचा भाग लिहिला जातो, मागचा सुधारला जात नाही. नायिकेची नणंद चौथ्या भागात धाकटी होती आणि अकराव्यात थोरली झाली, हे एकानेही सांगितलं नाही.

आणि वयाचं काय? युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंत. केंद्राची पंतप्रधान युवा योजना तिशीपर्यंत. आमच्यातल्या कितीतरी बायका मुलं दहावी-बारावी झाल्यावर पहिल्यांदा टेबलाशी बसतात. आम्ही नवोदित नाही का? बहिणाबाईंची गाणी पुस्तकात आली १९५२ साली, त्या गेल्यानंतर. त्यांच्या नावाने पुरस्कार देताना तरी हे आठवावं.

शिकाऊ:

केंद्राच्या योजनेचं नाव निघालंय म्हणून. बोरू, तुम्ही म्हणता लिहिताना जवळ कुणी नसतं. त्या योजनेत नेमकं तेच आहे. २०२१ ला सुरू झाली, नॅशनल बुक ट्रस्ट चालवतं. निवड झाली की सहा महिने मार्गदर्शक आणि दरमहा ५०,००० रुपये, म्हणजे एकूण तीन लाख, आणि पुस्तक आल्यावर मानधन वेगळं. हे मॉडेल चांगलंच आहे की.

बोरू:

रचना चांगली आहे, मान्य. पहिल्या फेरीत बावीस भाषा आणि इंग्रजी मिळून निवडायचे होते ७५ लेखक. भाषेमागे सरासरी तीन-चार. शिवाय विषय वरून ठरलेला, पहिल्या फेरीत स्वातंत्र्यचळवळ, दुसऱ्या फेरीत लोकशाही. विषय महत्त्वाचे आहेतच, पण ज्या मुलीला तिच्या वस्तीतल्या पाण्याच्या टँकरवर कथा लिहायची आहे तिने कुठे जायचं? हाच पैसा आणि हेच मार्गदर्शन राज्याने, लेखकाच्या स्वतःच्या विषयासाठी द्यावं. अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं सरकारी अनुदान पन्नास लाखांवरून दोन कोटी झालं. तीन लाखांच्या हिशेबाने दोन कोटींत साठाहून जास्त लेखक सहा महिने निर्धास्त लिहू शकतात.

माळरान:

हा हिशेब आवडला. पण सहा महिन्यांनंतर काय?

जत तालुक्यातल्या नवनाथ गोरेंना 'फेसाटी' कादंबरीसाठी २०१८ चा युवा पुरस्कार मिळाला. २०२० च्या टाळेबंदीत तासिका तत्त्वावरची नोकरी गेली आणि ते दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात होते. पेपरात बातम्या आल्या तेव्हा लोकांना कळलं. तुळजापूरचे देवीदास सौदागर शिलाईकाम करत लिहायचे, त्यांच्या 'उसवण' कादंबरीला २०२४ साली तोच पुरस्कार मिळाला. या माणसांना लिहायला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना गरज होती वेळेची आणि नियमित पगाराची. विद्यापीठांत मराठीच्या जागा वर्षानुवर्षं तासिकांवर चालवायच्या आणि वर प्रोत्साहन योजना काढायच्या, याला काय अर्थ आहे? दोनशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के म्हणजे प्रतीला वीस रुपये. पाचशेची आवृत्ती अख्खी संपली तरी दहा हजार. त्यात घर चालतं का?

रोखठोक:

घर चालावं म्हणून साहित्य कधीच कुणी लिहिलेलं नाही.

उशिराची पालवी:

ज्यांचं घर दुसरं कुणी चालवत होतं, त्यांना हे म्हणणं सोपं गेलं.

ग्रंथपाल_तालुका:

मी वाचनालयात काम करते. इतका वेळ सगळे लेखक, संपादक, प्रकाशकांवर बोलताय. पुस्तक शेवटी जातं कुठे, त्यावर एक शब्द नाही. राज्यात अकरा हजारांहून जास्त शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याने जरी एका नव्या लेखकाची एकेक प्रत घेतली तरी दोन-अडीच हजारांची आवृत्ती आरामात संपते. पण आमची खरेदी होते जास्तीत जास्त सवलतीवर. अनुदान तोकडं आणि उशिरा, त्यामुळे जो विक्रेता भरघोस सूट देतो त्याच्या यादीतून पुस्तकं येतात. स्वतःच्या पैशाने छापलेला कवी त्या यादीत नसतोच. वर्षाच्या खरेदीत ठरावीक वाटा पहिल्या पुस्तकांचा असावा, असा नियम करायला काय हरकत आहे?

संपादकाचं म्हणाल तर आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी बैठक होते. हस्तलिखित आणायचं, पण स्वतः वाचायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि लिहिणाऱ्याने गप्प बसायचं, ही एकच अट. मागे एका पोराची कथा आमच्या पोस्टमनकाकांनी वाचली. एका परिच्छेदात ते तीनदा अडखळले. कुणी काही बोलायच्या आत त्या पोराने खिशातून पेन काढलं. आणि माळरानदादा, तिथे बोली बदलायला कुणी सांगत नाही. वाचणारे आणि ऐकणारे दोघेही तीच बोलतात.

माळरान:

ताई, अशा बैठकीला मी स्वतः येऊन बसेन. पण हे तुमच्या गावचे लोक आपणहोऊन करतात. बोरूंना ते शासन निर्णयात घालायचंय, अनुदानाची अट म्हणून. त्याला माझा विरोध कायम. संपादन हवं असेल त्याला त्याचे पैसे वेगळे द्या, नको म्हणणाऱ्याचं छपाईचं अनुदान अडवू नका.

बोरू:

अट काढली तर प्रकाशक संपादनाचे पैसेही छपाईतच घालतील, आणि पुस्तकं आज येतात तशीच येत राहतील. मी अट सोडणार नाही. फक्त संपादक कोण हे लेखकाने सुचवावं, मंडळाने लादू नये, एवढी दुरुस्ती करतो. तुमच्या बाजूने तुम्ही लिहा, माझ्या बाजूने मी लिहितो, दोन्ही निवेदनं मंडळाकडे जाऊ देत. ग्रंथालय खरेदीचा मुद्दा आणि उशिराची पालवी यांचा वयाचा मुद्दा दोन्हींत असावा.

दिवाळी अंकवाला:

पाठवा. आणि आमच्या यंदाच्या अंकापासून आलेल्या प्रत्येक कथेला उत्तर जाईल, घेतली किंवा नाही घेतली, कारणासह. मानधनाचं आत्ताच कबूल करत नाही. पालवीताई, तुमची ती नणंद एकदा धाकटी की थोरली ते ठरवा आणि पहिले दोन भाग कथा म्हणून मला पाठवा. ऑगस्टअखेर शेवटची तारीख आहे.