मदत हवी आहे : कोल्हापुरातील कॉमिक्स संमेलनासाठी कोणत्या तारखा योग्य ठरतील?

सप्रेम नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रातील चित्रकथाकार, संग्राहक आणि वाचक यांच्यासाठी कोल्हापुरात दोन दिवसांचे छोटे कॉमिक्स संमेलन भरवण्याचा आमचा विचार असून, तारखा ठरवण्यासाठी आपला सल्ला हवा आहे. जुलै-ऑगस्ट आम्ही आधीच वगळले, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर त्या काळात बाहेरगावच्या विक्रेत्यांना बोलावणे धाडसाचे वाटते. ‘अमर चित्र कथा’ या कॉमिक्स मालिकेचे जनक अनंत पै यांच्या जन्मदिनाचे, म्हणजे १७ सप्टेंबरचे, औचित्य साधावे अशी एक सूचना आली आहे. परंतु तो काळ गणेशोत्सव किंवा पितृपंधरवड्याच्या आसपास येतो आणि अनेक चित्रकार तेव्हा दिवाळी अंकांच्या कामात गुंतलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, तर मे महिन्यात ऊन आणि लग्नसराई. माझा स्वतःचा कल जानेवारीकडे, त्यातही पौषाकडे आहे, कारण तेव्हा लग्ने कमी असल्याने मंगल कार्यालय वाजवी भाड्यात मिळू शकते (पौषाला नावे ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांची समजूत आम्ही काढू!). मात्र २६ जानेवारीला लागून येणारा शनिवार-रविवार घ्यावा, की सुट्टीत लोक सहलीला जातात म्हणून तो टाळावा? मुंबई-पुण्याहून स्टॉल लावण्यास येऊ इच्छिणाऱ्यांनी आणि शाळकरी मुलांच्या पालकांनी आपल्या अडचणी आवर्जून कळवाव्यात.