मदत हवी आहे: मधुमेहींच्या बुटांना एनपीची (नर्स प्रॅक्टिशनर, औषधं लिहून देणारी वरिष्ठ नर्स) सही का चालत नाही?

राघूमैना: बाबांचे विम्यातून मिळायचे बूट तिसऱ्यांदा अडकले. दुकानदार म्हणतो, एमडीची (डॉक्टरची) सही आणा. अहो, साखरेच्या गोळ्या एनपीच लिहून देते! तक्रार कुठे करायची? लवकर सांगा.

तिरपागडा: कुठला देश, कुठला विमा?

राघूमैना: न्यू जर्सी. ओरिजिनल मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा), पार्ट बी (डॉक्टर नि उपकरणांचा भाग).

बिनचूक: कागद दोन असतात, तिथेच गल्लत होते. प्रिस्क्रिप्शन पोडियाट्रिस्ट (पायांचा डॉक्टर), एनपी, पीए (फिजिशियन असिस्टंट) कुणीही लिहावं. पण 'मधुमेह आहे, पायाला धोका आहे, उपचार माझ्याकडे चालू आहेत' हे सर्टिफिकेशन मधुमेह सांभाळणाऱ्या एमडी किंवा डीओचंच (ऑस्टिओपॅथी शाखेचा डॉक्टर) लागतं. बूट हातात पडण्याआधीच्या 6 महिन्यांत त्यांची प्रत्यक्ष भेट, 3 महिन्यांत सही. आधी भेट, मग सही. क्रम उलटा झाला की क्लेम बाद.

खडूस_काका: पाय पोडियाट्रिस्ट बघतो ना? त्याचीच सही घ्या की.

बिनचूक: काका, वर वाचा. सर्टिफिकेशनसाठी त्याची फक्त तपासणीची नोंद चालते. तीसुद्धा 6 महिन्यांच्या आतली, आणि फॉर्मवर सही करण्याआधी एमडीने तिच्यावर 'सहमत' लिहून आद्याक्षरं नि तारीख घातलेली. नुसती 'न्यूरोपॅथी' (मज्जातंतूंची हानी) पुरत नाही, सोबत घट्टे पडल्याची नोंद हवी.

नर्मदाकाठ: सीजीएम (सतत साखर मोजणाऱ्या) सेन्सरला एनपीची सही चालते, बुटांनाच काय सोनं लागलंय?

बिनचूक: बुटांचं कलम सोशल सिक्युरिटी ॲक्टमध्ये 'फिजिशियन' शब्दाने बांधलंय. सीएमएसच्या (मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं) हातात नाही, अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायदा बदलायला हवा. विधेयकं येतात नि रखडतात.

खडूस_काका: आपल्याकडे एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल घ्यायची, सहीबिही काही नाही.

तिरपागडा: काका, बर्फात चप्पल? राघूमैना, कॅलेंडर वर्षात एकच जोडी बूट नि इन्सोलचे तीन जोड मिळतात. डिडक्टिबलनंतर (आधी आपण भरायची ठरावीक रक्कम) 20 टक्के आपले. एनपीच्या क्लिनिकात एमडी असेल तर 'इन्सिडेंट टू' (डॉक्टरच्या देखरेखीखालचं काम) धरून तिच्या नोंदींवर त्याची सहमतीची सही घ्या.

राघूमैना: क्लिनिक तिचं स्वतःचं आहे. एमडी नाहीच.

बिनचूक: हे आधी सांगायचं ना! मग ती वाट बंद. मधुमेहाची देखरेख घेणारा एमडी गाठा. वेळ घेतानाच 'मधुमेह फॉलो-अप' सांगा, नाहीतर नोंदीत नुसता खोकला येतो. पायाची नोंद कधीची आहे?

राघूमैना: मागच्या वर्षीची.