मदत हवी आहे: स्तन-पुनर्रचनेनंतर दोन बाजूंत फरक, आधी कोणती बाजू दुरुस्त करावी?

निळीशाई:
मोठ्या बहिणीसाठी विचारते आहे. वय 46. डावा स्तन पूर्ण काढून त्याच वेळी सिलिकॉन इम्प्लांट बसवलं, नंतर रेडिएशन झालं. ते संपून 10 महिने झाले. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू आहे, वजन 6 किलो वाढलंय. डावी बाजू आता घट्ट, गोल आणि उजवीपेक्षा साधारण 3 सेंमी वर आहे. उजवी ओघळली आहे. दुखत नाही, पण हात वर केला की ओढ बसते. एक सर्जन म्हणतात, उजवी उचलून लहान करू, सोपं काम आहे. दुसरे म्हणतात, आधी डावी. कोणाचं ऐकावं? आणि किती सारखेपणाची अपेक्षा धरावी?

कोकणकडा:
आधी डावी. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं, ते रेडिएशननंतर आकसतं आणि इम्प्लांटला वर ढकलतं. घट्टपणा आणि बदललेला आकार आहे, पण वेदना नाहीत, म्हणजे हा बेकर ग्रेड 3 (आवरण आकसण्याच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी) वाटतो. नक्की तपासणीतच ठरेल. डावी अजून वर सरकू शकते. आज तिच्या उंचीला उजवी जुळवली आणि पुढे डावीच बदलावी लागली, तर उजवीवर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करायची वेळ येईल.

डावीसाठी मुख्य मार्ग दोन. आवरण सोडवून इम्प्लांट बदलणं हे लहान ऑपरेशन आहे, पण रेडिएशन झालेल्या त्वचेत पुन्हा आकसण्याचा आणि जखम न भरण्याचा धोका मोठा. दुसरा, पोटाची त्वचा-चरबी रक्तवाहिन्यांसह आणून जोडणं (डीप फ्लॅप). यात रेडिएशन न लागलेला, चांगला रक्तपुरवठा असलेला ऊतक मिळतो, म्हणून अशा छातीवर तो जास्त टिकाऊ. मात्र ऑपरेशन 6 ते 8 तासांचं, पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण, आणि अनुभवी टीमकडेही शंभरात एखाददुसरा फ्लॅप वाया जातो.

वजनाचं महत्त्व इथे कळेल. इम्प्लांट वजनाबरोबर वाढत नाही, त्यामुळे ते 6 किलो फक्त उजवीकडे दिसताहेत. फ्लॅप मात्र वजनाबरोबर बदलतो. म्हणून आधी 3 ते 6 महिने वजन स्थिर ठेवा. ताई मिश्री लावत असतील किंवा तंबाखू खात असतील, तर किमान 4 आठवडे आधी पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि फ्लॅपची कड काळी पडते. टॅमॉक्सिफेनमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, म्हणून ते काही आठवडे थांबवायचं का हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. स्वतःहून बंद करू नका.

डावी स्थिरावल्यावर, साधारण 3 ते 6 महिन्यांनी, उजवीचं बघा. त्याआधी उजवीची मॅमोग्राफी हवीच, आणि कापून काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवायचा, हे आधीच सांगून ठेवा. वरच्या बाजूला खळगा राहिला तर चरबी भरता येते. तिचा बराचसा भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे एका बैठकीत भागेलच असं नाही.

सुपारीचीबाग:
अपेक्षेबद्दल. उघड्या अंगावर पूर्ण सारखेपणा जवळपास कधीच येत नाही. ब्रा आणि कपड्यांत फरक लक्षात न येणं, हे गाठता येण्यासारखं उद्दिष्ट आहे. पूर्वीची संवेदना बहुतेकदा परत येत नाही, हे ताईंना ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगायला हवं. नाराजी पुष्कळदा आकारापेक्षा यातून येते.

सर्जनला भेटताना नुसतं 'बरोबर दिसत नाही' म्हणू नका. समोरून, दोन्ही तिरक्या आणि दोन्ही बाजूंनी, एकाच अंतरावरून, हात खाली सोडून फोटो घ्या. स्तनाखालच्या घड्यांच्या पातळीतला फरक सेंमीत लिहा. उंची खुपते, घट्टपणा की आकारमान, हे ताईंनीच क्रमाने सांगावं, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. ब्रेस्ट-क्यू ही रुग्णाचं समाधान मोजणारी प्रश्नावली (गुण 0 ते 100) ऑपरेशनआधी आणि नंतर भरून घेता येईल का, तेही विचारा.

तोवर मऊ, तारेविना ब्रा वापरा. आणि इम्प्लांटचं कार्ड शोधून ठेवा: पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, ते त्यावरून कळेल. खरखरीत इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) होतो, म्हणून तसं असेल आणि कधी त्या बाजूला अचानक सूज आली, तर सोनोग्राफी करून आतलं पाणी तपासायला पाठवायला सांगा.